डेटा सेंटरचं पाणी: बाटल्या सोडा, मीटर बघा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "एआयला एक प्रश्न विचारला की अर्धा लिटर पाणी जातं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. कंपन्या म्हणतात, छे, चार-पाच थेंब. यातलं खरं काय? आणि पाण्याची वाफ होऊन ते पावसातून परतच येणार असेल, तर पर्यावरणाचं नुकसान नेमकं कुठे होतं?"

माझा धंदा कूलिंगचा. चिलर, कूलिंग टॉवर, पंप, पाण्यावरची प्रक्रिया यांच्याशी रोजचा संबंध, आणि अलीकडे मुख्यतः डेटा सेंटरसाठीच, म्हणजे एआयचं काम करणारे हजारो सर्व्हर (मोठे संगणक) ठेवलेल्या इमारतींसाठी. त्यामुळे आधी माझं मत सांगून टाकतो. एका प्रश्नामागे किती पाणी, हा हिशेब चर्चेला बरा असतो, पण नुकसानाबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही. नुकसान ठरतं ते पाणी कुठून उचललं, कोणत्या महिन्यात उचललं आणि वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या दिवशी किती उचललं, यावर. का ते सांगायला जरा मुळापासून यावं लागेल.

सर्व्हरमध्ये गेलेली वीज शेवटी जवळपास सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. मशीनने गणित सोडवलं काय, चित्र काढलं काय, त्याने फरक पडत नाही. ही उष्णता इमारतीबाहेर टाकावीच लागते, आणि त्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे पाण्याची वाफ करणं. घाम वाळताना अंग गार पडतं. कूलिंग टॉवर नेमकं तेच करतो. एक युनिट विजेएवढी, म्हणजे एक किलोवॉट-तास उष्णता निव्वळ बाष्पीभवनाने घालवायची तर साधारण दीड लिटर पाण्याची वाफ व्हावी लागते. हा भौतिकशास्त्राचा आकडा आहे, त्यात कुणाला घासाघीस करता येत नाही.

पण टॉवरला दीड लिटर पुरत नाही. वाफ होते ती शुद्ध पाण्याची. त्यातले क्षार, सिलिका, क्लोराइड खाली कुंडातच राहतात आणि पाणी दाट होत जातं. कुंडातल्या पाण्यावर कंडक्टिव्हिटीचा, म्हणजे क्षार किती वाढले ते सांगणारा सेन्सर बसवलेला असतो. आकडा ठरलेल्या मर्यादेवर गेला की ब्लोडाउनचा व्हॉल्व्ह उघडतो, दाट पाणी सांडपाण्याच्या वाहिनीत जातं आणि मेकअपच्या लाइनमधून ताजं पाणी आत येतं. ताज्या पाण्याच्या किती पट दाट होऊ द्यायचं, त्याला आम्ही सायकल्स म्हणतो. चार सायकल्सवर टॉवर चालला तर दीड लिटर वाफेमागे अर्धा लिटर ब्लोडाउन, म्हणजे मेकअप दोन लिटर. पाणी जड असेल, सिलिका जास्त असेल, तर दोन सायकल्सवरच थांबावं लागतं, नाहीतर नळ्यांना आतून खपली धरते. मग तेवढ्याच गारव्याला तीन लिटर लागतात. म्हणजे जिथलं भूजल आधीच क्षारट झालंय, तिथे त्याच कामाला जास्त उपसा.

आता त्या टॉवरवरचे दोन मीटर डोळ्यांसमोर आणा. एक मेकअपच्या लाइनवर, दुसरा ब्लोडाउनच्या. पहिल्यावर कळतं पाणी किती उचललं. दोन्हींतली वजाबाकी केली की कळतं किती हवेत गेलं, म्हणजे त्या ठिकाणापुरतं किती कायमचं वजा झालं. "पाणीवापर" या नावाखाली कोणी उचललेलं पाणी सांगतं, कोणी हवेत गेलेलं, आणि बातम्यांमध्ये दोन्हींची भेसळ होते. या विषयावरची निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

आता तुमच्या बाटलीकडे. अर्ध्या लिटरचा आकडा आला २०२३ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतले शाओलेई रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून. त्यांनी म्हटलं होतं की ओपनएआयच्या जीपीटी-३ या एआय मॉडेलकडून मध्यम लांबीची १० ते ५० उत्तरं घेतली की सुमारे ५०० मिलिलिटर पाणी खर्च होतं. कुठे आणि कधी चालवलं यावर ते अवलंबून. त्यात वीज तयार करताना गेलेलं पाणीही धरलं होतं. फिरत फिरत त्याचं "एक प्रश्न, एक बाटली" झालं, ज्यात अभ्यासकांचा काही दोष नाही.

थेंबांचा आकडा गूगलचा, ऑगस्ट २०२५ मधला: त्यांच्या जेमिनी या एआयच्या मध्यक (निम्मे प्रश्न याहून कमी घेणारे, निम्मे जास्त) मजकुरी प्रश्नाला ०.२४ वॉट-तास वीज आणि ०.२६ मिलिलिटर पाणी. तोही खोटा नाही. फक्त हे पाणी डेटा सेंटरच्या आवारातलं आहे. वीजनिर्मितीचं पाणी त्यात नाही, मॉडेल घडवतानाचं नाही, आणि मध्यक प्रश्न म्हणजे तास-तास चालणारी कोडिंगची कामं किंवा व्हिडिओ बनवणं नव्हे. मिस्त्राल या फ्रेंच कंपनीने जुलै २०२५ मध्ये जास्त रुंद चौकट घेतली, म्हणजे जास्त गोष्टींचं पाणी हिशेबात धरलं. त्यांच्या मोठ्या मॉडेलच्या ४०० टोकनच्या (टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा) एका उत्तरामागे ४५ मिलिलिटर, आणि मॉडेल घडवणं व पहिल्या दीड वर्षाचा वापर मिळून २८ कोटी लिटरच्या आसपास. पाव मिलिलिटर आणि ४५ मिलिलिटर यांच्यात पावणेदोनशे पटींचा फरक आहे. त्यातला किती मॉडेलचा, किती यंत्रांचा आणि किती चौकटीचा, हे वेगळं काढल्याशिवाय दोन्हींची तुलना करू नये.

चौकटीचा सगळ्यात मोठा तुकडा म्हणजे वीज. औष्णिक आणि अणुवीज केंद्रांनाही उष्णता टाकायची असते. कूलिंग टॉवरवाल्या कोळसा किंवा अणुवीज केंद्रात एका युनिटमागे अडीच लिटरच्या आसपास पाणी वाफ होतं, कम्बाइंड सायकल (उरलेल्या उष्णतेवरही वीज करणाऱ्या) गॅस केंद्रात पाऊण लिटर, सौर पॅनेलला धुण्यापुरतं, पवनचक्कीला जवळपास शून्य. जलविद्युतचं कोडं वेगळंच: जलाशयावरून होणारं बाष्पीभवन विजेच्या खात्यात टाकायचं की सिंचनाच्या, यावर आकडा कितीही हलतो. अमेरिकेत लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०२४ च्या अहवालात देशातल्या सगळ्या डेटा सेंटरचा २०२३ चा हिशेब मांडला. आवारातलं थेट पाणी ६,६०० कोटी लिटर, आणि त्यांच्या विजेमागचं पाणी सुमारे ८०,००० कोटी लिटर. बारा पट. (हा हिशेब एआयपुरता नाही, सगळ्या डेटा सेंटरचा आहे.)

म्हणून एखादी कंपनी "आम्ही कूलिंगला शून्य पाणी वापरतो" म्हणाली की माझा पहिला प्रश्न असतो, मग वीज किती वाढली आणि ती कुठून येते? पाण्याऐवजी हवेने गार करायचं म्हणजे पंखे आणि कॉम्प्रेसर जास्त चालणार. थंड प्रदेशात हा फरक किरकोळ. उष्ण प्रदेशात उन्हाळ्याच्या दुपारी तो चांगलाच बोचतो, आणि वीज कोळशाची असेल तर आवारात वाचवलेलं पाणी शंभर किलोमीटरवरच्या वीज केंद्रात उडून जातं, वर कार्बन वेगळा. याउलट वीज सौर किंवा पवन असेल तर हवेने गार करणं बहुतेक ठिकाणी फायद्याचंच. पाणी आणि वीज हे दोन आकडे शेजारी-शेजारी मागावेत. एकटा आकडा दिला तर दुसरा लपवलाय असं खुशाल समजावं.

आता पावसाचा मुद्दा. वाफ झालेलं पाणी पृथ्वीवरून नाहीसं होत नाही, हे बरोबर. पण ते त्याच नदीत, त्याच विहिरीत, त्याच महिन्यात परत येत नाही. वारा ते कुठे नेईल ते नेईल, काही समुद्रावर पडेल. घरगुती वापरातलं पाणी निदान सांडपाण्यातून त्याच खोऱ्यात परत येतं. टॉवरमधलं तीन चतुर्थांश येत नाही. शिवाय डेटा सेंटरला बहुतेकदा पिण्याचंच पाणी हवं असतं, कारण ते स्वच्छ असतं आणि नळाला आयतं मिळतं. जागतिक पातळीवर गोड्या पाण्याच्या उपशातलं सुमारे ७० टक्के शेतीला जातं, त्यापुढे डेटा सेंटर चिल्लर आहेत असा युक्तिवाद होतो. आकडा खरा, पण शेती हजारो गावांत पसरलेली असते आणि डेटा सेंटर एका गावाच्या एका पाणीयोजनेवर येऊन बसतं.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातलं द डॅल्स हे छोटं शहर घ्या. तिथल्या गूगलच्या डेटा सेंटरना किती पाणी जातं हे राज्यातल्या एका वृत्तपत्राने विचारलं, तर शहराने ते व्यापारी गुपित असल्याचं सांगून आकडा रोखण्यासाठी कोर्ट गाठलं. २०२२ च्या अखेरीस तडजोड झाली आणि आकडे बाहेर आले: २०२१ साली सुमारे १३४ कोटी लिटर, शहराच्या एकूण वापराच्या पाव हिश्श्याहून जास्त. गूगलच्या जगभरच्या डेटा सेंटरचा २०२३ चा वापर सुमारे २,३०० कोटी लिटर होता. जगाच्या हिशेबात हा मोठा आकडा किरकोळ ठरतो आणि तो छोटा आकडा एका शहराची योजना हलवतो.

यातली सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे कमाल दिवस. आमच्या क्षेत्रात डब्ल्यूयूई नावाचं एक माप आहे, द ग्रीन ग्रिड या संस्थेने २०११ मध्ये आणलेलं: सर्व्हरनी वापरलेल्या प्रत्येक युनिटमागे किती लिटर पाणी. मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या आर्थिक वर्षासाठी सरासरी ०.३० सांगितली, अॅमेझॉन तर त्याच्याही निम्म्यावर असल्याचं सांगतं. दिसायला देखणे आकडे. पण बऱ्याच केंद्रांत वर्षातला मोठा काळ बाहेरची हवाच पुरते आणि पाणी शून्य असतं. पारा चढला की पाण्याची यंत्रणा सुरू होते आणि मग ती पूर्ण क्षमतेने ओढते. वर्षाची सरासरी ०.३ असलेलं केंद्र त्या काही आठवड्यांत दीड-दोन लिटरवर चालू शकतं.

१०० मेगावॉटचं केंद्र धरा, एआयच्या जमान्यात हे काही अचाट नाही. पूर्ण बाष्पीभवनावर, चार सायकल्सने, त्याला तासाला दोन लाख लिटर मेकअप लागेल. दिवसाला ४८ लाख. माणशी १५० लिटर धरले तर ३२ हजार लोकांचं पाणी, तेही ऐन टंचाईच्या दिवसांत. पाणीयोजनेचे पंप, जलवाहिन्या, शुद्धीकरण केंद्र यांची क्षमता सरासरी दिवसावर ठरत नाही, कमाल दिवसावर ठरते. त्यामुळे वर्षातले वीस-तीस दिवस लागणाऱ्या क्षमतेसाठी गावाला नवी वाहिनी टाकावी लागते, आणि तिचा खर्च कोणी उचलायचा हा वाद करार झाल्यावर सुरू होतो. नदीचंही तेच. प्रवाह सगळ्यात कमी असतो तेव्हाच उपसा सगळ्यात जास्त. मासे आणि नदीकाठचं जीवन वार्षिक सरासरीवर जगत नाही. आयोवातल्या वेस्ट डे मॉइन भागात मायक्रोसॉफ्टच्या केंद्रांनी जुलै २०२२ या एका महिन्यात सुमारे सव्वाचार कोटी लिटर पाणी घेतलं, त्या पाणीपुरवठा क्षेत्राच्या सहा टक्क्यांच्या आसपास. जीपीटी-३ च्या पुढचं मॉडेल, जीपीटी-४, तिथेच घडत होतं, आणि महिना उन्हाळ्याचा होता.

२०२३ मध्ये उरुग्वेत भीषण दुष्काळ पडला. राजधानी माँटेव्हिडिओच्या नळांना खारट पाणी येऊ लागलं, आणि त्याच काळात गूगलच्या नियोजित केंद्राला दिवसाला ७६ लाख लिटर पिण्याचं पाणी लागणार असल्याचं उघड झालं. लोक रस्त्यावर उतरले. पुढे आराखडा बदलून हवेने गार करण्याची यंत्रणा घेतली गेली. चिलीत सांतियागोजवळच्या सेरियोसमध्येही हेच घडलं. तिथल्या प्रकल्पाला भूजलातून सेकंदाला १६९ लिटर उपशाची परवानगी होती. २०२४ मध्ये पर्यावरण न्यायालयाने हवामानबदलाचा भूजलावरचा परिणाम पुन्हा तपासायला सांगितला आणि गूगलने हवेच्या कूलिंगवर नव्याने आराखडा करणार असल्याचं जाहीर केलं. म्हणजे तंत्र आधीपासून उपलब्ध होतं. कोणी अडवेपर्यंत ते निवडलं नव्हतं, इतकंच.

तंत्राबद्दल एक गैरसमज दूर करतो, कारण जाहिरातीत तो हमखास पेरला जातो. "क्लोज्ड लूप, पाणी एकदाच भरायचं." एआयच्या रॅकना (सर्व्हर बसवलेल्या कपाटांना) आता हवा पुरत नाही, चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचा जीबी२०० एनव्हीएल७२ हा एकच रॅक १२० किलोवॉटच्या आसपास ओढतो. त्यामुळे चिपवर थेट धातूची पट्टी बसवून तीतून पाणी किंवा ग्लायकोल खेळवतात. हे वर्तुळ बंदच असतं, असावंच लागतं. पण त्याने उष्णता फक्त चिपपासून इमारतीच्या कडेपर्यंत येते. तिथून ती हवेत कशी टाकता? छतावर ड्राय कूलर (नुसत्या पंख्याच्या हवेने गार करणारं यंत्र) असेल तर पाणी खरंच लागत नाही. कूलिंग टॉवर असेल तर आतलं वर्तुळ कितीही बंद असो, बाहेर धो धो वाफ चालूच आहे. त्यामुळे "लूप बंद आहे का" असं विचारू नका, "छतावर काय आहे" असं विचारा.

चांगली बातमीही इथेच आहे. चिपला गारठलेलं पाणी लागत नाही. थेट चिपवरच्या कूलिंगमध्ये ४० ते ४५ अंशांचं पाणी आत सोडलं तरी चालतं. बाहेर ३५ अंश असले तरी ४५ अंशांचं पाणी नुसत्या पंख्याने मिळवता येतं; कॉम्प्रेसर नको, टॉवर नको, म्हणजे पाणी आणि वीज दोन्ही वाचतात. माझ्या मते नव्या केंद्रांपुरतं हेच खरं उत्तर आहे, आणि उष्ण प्रदेशातही टॉवरचा हट्ट धरायला आता सबळ कारण उरलेलं नाही. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२४ मध्ये कूलिंगसाठी पाण्याची वाफच न करणारा आराखडा जाहीर केला, केंद्रामागे वर्षाला साडेबारा कोटी लिटर वाचतील असा दावा करून. आधीच उभी असलेली केंद्रं मात्र जुन्या यंत्रणेवर पुढची कित्येक वर्षं चालणार आहेत.

प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरणं हाही चांगला मार्ग; गूगल जॉर्जियातल्या डग्लस काउंटीत ते करतं. पण तिथेही एक मेख आहे. कोरड्या महिन्यांत कित्येक नद्यांमध्ये वाहणारं पाणी हे मुख्यतः वरच्या शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणीच असतं. ते उचलून हवेत उडवलं तर पिण्याचं पाणी वाचतं आणि खालच्या गावांची नदी आटते. समुद्राचं पाणी हा सगळ्यात निर्धोक पर्याय, फिनलंडमधल्या हामिनाला जुन्या कागद कारखान्याचे बोगदे वापरून गूगलने तो २०११ पासून चालवलाय, पण त्यासाठी किनाऱ्यावर असावं लागतं. आणि "२०३० पर्यंत वापरतो त्याहून जास्त पाणी परत देऊ" या घोषणांकडे मी जरा सावधच बघतो. एका खोऱ्यातला उपसा दुसऱ्या खोऱ्यातल्या पाणथळ जागेच्या प्रकल्पाने भरून निघत नाही.

चिप बनवतानाही अतिशुद्ध पाणी भरपूर लागतं. २०२१ च्या तैवानमधल्या दुष्काळात चिपच्या कारखान्यांसाठी टँकर लावले गेले आणि भातशेतीचं सिंचन थांबवून शेतकऱ्यांना भरपाई दिली गेली. तो स्वतंत्र विषय आहे, इथे एवढंच.

तुम्ही स्वतः एआय कमी वापरावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण बहुधा मनात असणार. पाण्यापुरतं म्हणाल तर मजकुराच्या दहा-वीस प्रश्नांनी काही बिघडत नाही. गूगलच्या आकड्यात विजेमागचं पाणी सढळ हाताने घातलं तरी एका प्रश्नामागे एक-दीड मिलिलिटरच्या पुढे जाणं कठीण. तुमचा खरा जोर लागतो तो तुमच्या भागात केंद्र येऊ घातलं असेल तेव्हा, परवानगीच्या सुनावणीत. तिथे वार्षिक सरासरी ऐकून गप्प बसू नका. कमाल दिवसाचा मेकअप किती, तो कोणत्या स्रोतातून, पिण्याचा की प्रक्रिया केलेला, ब्लोडाउन कुठे सोडणार आणि त्यातल्या जंतुनाशकांचं काय करणार, हे लेखी मागा. टंचाई जाहीर झाली की उपसा किती टक्के कमी करणार हे कलम करारात असायला हवं. मॉडेल घडवण्याचं काम काही तास पुढे ढकलता येतं किंवा दुसऱ्या प्रदेशातल्या केंद्रावर हलवता येतं, त्यामुळे "आम्हाला चोवीस तास लागतंच" हे उत्तर सगळ्या भाराला लागू नसतं. शिवाय दोन्ही मीटरची मासिक नोंद जाहीर व्हावी.

युरोपीय संघाने २०२४ पासून ५०० किलोवॉटच्या वरच्या डेटा सेंटरना पाण्याचा वापर आणि त्यातला पिण्याच्या पाण्याचा वाटा कळवणं सक्तीचं केलंय. पण तिथेही आकडा वर्षाचा मागतात आणि एकेका केंद्राचा आकडा लोकांसमोर ठेवत नाहीत, एकत्रित बेरीजच जाहीर होते. कमाल दिवसाचा आकडा हवा असेल तर तो स्थानिक परवानगीतच घालून घ्यावा लागतो, आणि तेही करारावर सह्या व्हायच्या आधी.